तौबा : इस्लाम धर्मातील पश्चात्ताप आणि परतीची वाट

बाजारात 'तोबा गर्दी' होते, एखाद्या प्रसंगाला कंटाळलेला माणूस कानाच्या पाळ्यांना हात लावून 'तोबा, तोबा' म्हणतो. मराठी माणसाच्या तोंडी रुळलेला हा शब्द मूळचा अरबी असून तो फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. येताना त्याचा मूळ अर्थ मात्र वाटेतच सांडला. इस्लाम धर्मात 'तौबा' हा शब्द गर्दीसाठी नाही, कंटाळ्यासाठीही नाही. पाप करून दूर गेलेल्या माणसाने परमेश्वराकडे परत फिरणे, याला तौबा म्हणतात. आपल्या शेजारी राहणाऱ्या मुस्लिम बांधवांच्या श्रद्धेतील हा एक गाभ्याचा विषय आहे. ख्रिस्ती माणसाला तो एकाच वेळी ओळखीचा वाटतो आणि वेगळाही. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने परिचय करून घेणे उचित ठरेल.

'परत फिरणे' हा तौबा शब्दाचा मूलार्थ. जुन्या करारातील संदेष्टे इस्राएलला पश्चात्तापाचे आवाहन करतात तेव्हा जे हिब्रू क्रियापद वापरतात, त्याचाही अर्थ 'परत ये' असाच आहे. मात्र कुराणात या क्रियापदाचे एक वैशिष्ट्य आढळते. ते माणसासाठी वापरले जाते, तसेच परमेश्वरासाठीही वापरले जाते. माणूस परमेश्वराकडे वळतो आणि परमेश्वर माणसाकडे वळतो. दोन्ही क्रियांना शब्द एकच. अल्लाहच्या नामांपैकी 'अत्-तव्वाब' या नामाचा अर्थच 'पुन्हा पुन्हा वळणारा' असा होतो. त्याच्या जोडीला 'इस्तिगफार' हा शब्द येतो. त्याचा अर्थ क्षमायाचना. ज्या धातूपासून तो बनला, त्याचा अर्थ 'झाकणे' असा असून त्याच धातूपासून अरबीत शिरस्त्राणाला 'मिगफर' हे नाव मिळाले आहे. क्षमा म्हणजे पापाच्या परिणामांपासून माणसाला झाकून घेणारे संरक्षण, ही कल्पना त्यामागे आहे. मनाला लागणारी टोचणी, खंत, याला 'नदामत' म्हणतात. ही खंत म्हणजेच तौबा, असे पैगंबर महंमद यांचे एक वचन हदीसच्या संग्रहांत नोंदलेले आहे. पुढील विद्वानांनी मात्र खंत हा तौबेचा प्राण मानला, तरी तिचे सारे शरीर नव्हे, हे बारकाईने स्पष्ट केले.

पन्नास दिवस

कुराणाच्या 114 अध्यायांपैकी नवव्या अध्यायाचे नावच 'अत्-तौबा' असे आहे. दयाळू परमेश्वराच्या नावाने आरंभ न होणारा कुराणातील हा एकमेव अध्याय. त्याच्या 118 व्या वचनात तीन माणसांचा उल्लेख येतो, पण त्यांची नावे तेथे नाहीत. त्यांच्यापैकी कआब इब्न मालिक याने म्हातारपणी, दृष्टी गेल्यानंतर, सांगितलेली स्वतःची हकीकत इमाम बुखारी यांच्या हदीस संग्रहात आली आहे. इस्लाममधील पश्चात्ताप म्हणजे काय, हे समजण्यासाठी व्याख्येपेक्षा ही हकीकत अधिक उपयोगी पडते.

इ. स. 630 मध्ये पैगंबरांनी उत्तरेकडील तबूक येथे मोहीम काढली. उन्हाळा कडक होता, पल्ला लांबचा होता आणि मदिनेतील बागांत फळे पिकली होती. कआब हा मदिनेचा कवी, जुना अनुयायी. त्या वर्षी त्याची स्थिती उत्तम होती. आयुष्यात प्रथमच त्याच्यापाशी दोन वाहने होती. मोहिमेला जायचे नाही, असे त्याने ठरवले नव्हते. तयारी उद्या करू, असे तो रोज म्हणत राहिला. सैन्य निघून गेले. आपण गाठू, असे तो म्हणाला आणि तेही झाले नाही. आपल्यापैकी किती जणांची पापे अशीच, न ठरवता घडत असतात!

पैगंबर परतल्यावर मागे राहिलेले ऐंशीहून अधिक पुरुष एकेक करून आले, त्यांनी शपथा घेऊन सबबी सांगितल्या. पैगंबरांनी त्या वरवर स्वीकारल्या आणि अंतःकरणातले परमेश्वरावर सोपवले. कआब हा शब्दांचा धनी, सबब रचणे त्याला अवघड नव्हते. पण समोर बसल्यावर त्याने सांगितले की, आपल्यापाशी कोणतीही सबब नाही. यावर पैगंबर म्हणाले की, हा खरे बोलला, आणि परमेश्वराचा निर्णय येईपर्यंत थांबण्यास त्यांनी त्याला सांगितले. मुरारा इब्न रबी आणि हिलाल इब्न उमय्या या आणखी दोघांनीही खरे सांगितले होते. या तिघांशी कोणी बोलू नये, असा आदेश निघाला. खोटे बोलणारे मोकळे सुटले आणि खरे बोलणारे वाळीत पडले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मुरारा आणि हिलाल घरात बसून रडत राहिले. कआब वयाने लहान. तो प्रार्थनेला जाई, बाजारात हिंडे, पण कोणी त्याच्याशी बोलेना. पैगंबरांना सलाम करून उत्तरादाखल त्यांचे ओठ हलले की नाही, हे तो निरखीत राही. एके दिवशी तो आपला चुलतभाऊ अबू कतादा याच्या बागेच्या भिंतीवर चढून आत गेला. माझे परमेश्वरावर आणि त्याच्या प्रेषितावर प्रेम आहे हे तुला ठाऊक नाही का, असे त्याने शपथ घालून तीन वेळा विचारले. दोनदा उत्तर आले नाही. तिसऱ्यांदा अबू कतादा इतकेच म्हणाला की, ते परमेश्वराला आणि त्याच्या प्रेषितालाच अधिक ठाऊक. कआबचे डोळे भरून आले. तो पुन्हा भिंत चढून निघून गेला.

याच काळात धान्य विकायला आलेला सीरियाचा एक शेतकरी त्याला शोधीत आला. त्याच्यापाशी घस्सानच्या राजाचे पत्र होते. तुझ्या धन्याने तुला दूर केले आहे असे ऐकतो, आमच्याकडे ये, आम्ही तुझा मान राखू, असा त्यातील आशय होता. घस्सान हे अरबांचे ख्रिस्ती राजघराणे. आपल्यासारख्या वाचकांना हा तपशील जरा अवघडल्यासारखा वाटेल, पण त्या कथेत मोहाचे निमंत्रण ख्रिस्ती दरबारातून येते हे खरे आहे. कआबने ती हीच आपली दुसरी परीक्षा मानली आणि पत्र भट्टीत टाकून जाळले.

चाळीस दिवसांनंतर पत्नींपासूनही दूर राहण्याचा आदेश आला. कआबने पत्नीला माहेरी पाठवले. पन्नासाव्या पहाटेची प्रार्थना आटोपून तो घराच्या छपरावर बसला होता. इतक्यात सल नावाच्या टेकडीवरून कोणीतरी त्याचे नाव घेऊन आनंदाची वार्ता ओरडून सांगितली. तो जागीच साष्टांग नतमस्तक झाला. वार्ता घेऊन एक घोडेस्वारही दौडत निघाला होता, पण टेकडीवरचा आवाज त्याच्याआधी पोहोचला. ओरडणारा माणूस जवळ आला तेव्हा कआबने अंगावरची दोन्ही वस्त्रे त्याला देऊन टाकली आणि स्वतःसाठी उसनी आणली, कारण त्याच्यापाशी दुसरी नव्हती. मशिदीत शिरताच तल्हा नावाचा सोबती उठून धावत आला आणि त्याने कआबचा हात धरला. तल्हाचे ते उठणे आपण कधी विसरलो नाही, असे म्हाताऱ्या कआबने सांगून ठेवले आहे. त्याने सारी संपत्ती दान करण्याची तयारी दाखवली. पैगंबरांनी काही भाग स्वतःसाठी ठेवण्यास सांगितले. यापुढे आयुष्यभर खरेच बोलेन, हे त्याचे व्रत.

कुराणातील ते वचन या तिघांविषयी जे सांगते, त्यातील क्रम विचार करण्याजोगा आहे. ते वळले म्हणून परमेश्वर त्यांच्याकडे वळला, असे तेथे म्हटलेले नाही. त्यांना वळता यावे म्हणून परमेश्वर आधी त्यांच्याकडे वळला, असा त्याचा भाव आहे. आठव्या शतकातील बसरा शहराची संत स्त्री राबिया हिला कोणीतरी विचारले की, मी तौबा केली तर परमेश्वर माझ्याकडे वळेल का? तिने हा क्रम उलटवला. तो तुझ्याकडे वळला तरच तू तौबा करशील, असे तिचे उत्तर सांगितले जाते. पश्चात्तापाची पहिली हालचालदेखील कृपेनेच होते, असे आपली ख्रिस्तसभा शिकवते. त्या शिकवणीच्या किती जवळ हा विचार येतो, हे वाचकांनीच पाहावे.

आदामाचे पाप

दोन्ही धर्मांतील अंतर दिसते ते आदामाच्या कथेत. कुराणानुसार आदाम व त्याची पत्नी दोघेही घसरली, दोघांनीही एकत्र चूक कबूल केली आणि परमेश्वराने क्षमेची याचना करण्याचे शब्दही स्वतःच आदामाला दिले व त्याला क्षमा केली. विषय तेथेच संपला. म्हणून इस्लाममध्ये मूळ पापाचा सिद्धान्त नाही. मूल शुद्ध जन्मते. दुसऱ्याचे ओझे कोणी उचलत नाही. साहजिकच वधस्तंभावरील बलिदानाने जगाचे तारण झाले, ही आपली मध्यवर्ती श्रद्धाही तेथे नाही. हा भेद सौम्य शब्दांत लपवून संवाद साधत नाही. पश्चात्तापी माणूस आणि दयाळू परमेश्वर यांच्यामध्ये इस्लामी श्रद्धेनुसार कोणी उभा नसतो. धर्मगुरू नाही, संस्कार नाही, पापमुक्तीचे शब्द उच्चारणारा कोणी नाही.

उलट, रात्री केलेले पाप परमेश्वराने झाकले असताना सकाळी ते लोकांना सांगत फिरणे हा निर्लज्जपणा होय, अशी हदीसची शिकवण आहे. त्यामुळे आपले पापनिवेदन पाहून मुस्लिम मित्र कधी कधी चकित होतात. धर्मगुरू पापनिवेदनात ऐकलेले कोणालाही, कधीही, कोणत्याही कारणास्तव सांगू शकत नाहीत, हे त्यांना समजावून सांगितले तर झाकण्याचा विचार आपल्याकडेही आहे, हे त्यांच्या ध्यानी येते.

दुसऱ्याचे देणे

मध्यस्थ नाही, म्हणून तौबा सोपी आहे असा समज कोणी करून घेऊ नये. इमाम नववी (मृत्यू 1277) यांनी 'रियादुस्सालिहीन' या घराघरांत वाचल्या जाणाऱ्या संग्रहाच्या आरंभीच तौबेच्या अटी सांगितल्या आहेत. पाप तत्काळ सोडणे, त्याची खंत वाटणे, ते पुन्हा न करण्याचा निश्चय करणे, या तीन अटी परमेश्वराविरुद्धच्या पापासाठी. पाप माणसाविरुद्ध असेल तर चौथी अट येते. ज्याचा हक्क बुडवला, त्याचा हक्क परत करणे किंवा त्याच्याकडून माफी मिळवणे.

इस्लामच्या नीतिविचारात 'अल्लाहचे हक्क' आणि 'बंद्यांचे हक्क' असा भेद केला जातो. प्रार्थना चुकली, उपवास मोडला, तर तो परमेश्वराचा हक्क. तो दयाळू आहे, तो सोडून देईल. पण शेजाऱ्याची जमीन दाबली, मजुराची मजुरी ठेवून घेतली, कोणाची बदनामी केली, तर ते त्या माणसाचे देणे. न्यायाच्या दिवशी प्रार्थना, उपवास, दानधर्म यांची रास घेऊन आलेला माणूसही दिवाळखोर ठरू शकतो, असे पैगंबरांनी सांगितल्याचे मुस्लिम यांच्या हदीस संग्रहात आहे. त्याने ज्यांना शिवीगाळ केली, मारले, ज्यांचा पैसा खाल्ला, ते येतात आणि त्याची पुण्ये एकेक करून घेऊन जातात. पुण्ये संपली की त्यांची पापे त्याच्या खाती जमा होतात. वेदीपाशी अर्पण आणताना भावाची तक्रार आठवली तर आधी जाऊन समेट कर, हा प्रभू येशूचा आदेश (मत्तय 5:23-24) आणि फसवून घेतलेले चौपट परत करणारा जक्कय (लूक 19:8) येथे आपल्याला आठवल्यावाचून राहत नाहीत. आपल्याकडेही चोरलेले परत केल्याशिवाय प्रायश्चित्त पूर्ण होत नाही. आपण ते किती गांभीर्याने पाळतो, हा निराळा प्रश्न.

या हिशेबाची सर्वांत बारीक चर्चा अबू हामिद अल-गझाली (1058-1111) यांनी केली. त्यांच्या 'इह्या उलूमुद्दीन' या चाळीस भागांच्या ग्रंथातील एकतिसावा भाग केवळ तौबेवर आहे. पापाने आपण प्रिय परमेश्वरापासून दुरावतो हे ज्ञान आधी होते, त्या ज्ञानातून मनाला वेदना होते आणि वेदनेतून कृती घडते, अशी त्यांची मांडणी. पुढे प्रश्न येतात ते अगदी व्यवहारातले. ज्याचे पैसे घेतले तो मेला, वारसही सापडत नाही, तर काय करावे? तेवढी रक्कम त्याच्या नावे दान करावी. ज्याच्यावर अन्याय केला त्याला सारा तपशील सांगितल्यास त्याचे दुःख वाढणार असेल तर? तेव्हा तपशील न सांगता मोघम माफी मागावी आणि त्याचे भले करीत राहावे. पाठीमागे केलेली निंदा त्या माणसाला जाऊन सांगावी की न सांगता त्याच्यासाठी प्रार्थना करावी, याबाबत विद्वानांत मतभेद आहेत.

गझालींनी हे केवळ ग्रंथांतून काढलेले नव्हते. 1091 मध्ये ते बगदादच्या निझामिया विद्यापीठात मुख्य अध्यापक झाले. शेकडो विद्यार्थी, राजदरबारी मान. 1095 मध्ये त्यांनी स्वतःच्या हेतूची तपासणी केली, तेव्हा आपण परमेश्वरासाठी नव्हे तर कीर्तीसाठी शिकवतो, असे त्यांना आढळले. जवळजवळ सहा महिने त्यांचे मन हेलकावे खात राहिले. सकाळी सोडून जाण्याचा निश्चय होई, संध्याकाळी तो विरघळे. अखेर त्यांची जीभ अडली, वर्गात शब्द फुटेना, अन्नपाणी जाईना, वैद्यांनी हात टेकले. मग कुटुंबापुरते राखून उरलेले धन त्यांनी वाटून टाकले आणि हजला जातो असे सांगून बगदाद सोडले. दरोडेखोराचा साधू झाल्याच्या कथा सर्वच धर्मांत आहेत आणि त्या ऐकायला गोड लागतात. धर्म शिकवणाऱ्याला स्वतःच्या धर्मशिक्षणाबद्दल पश्चात्ताप व्हावा, ही घटना मात्र अधिक अस्वस्थ करणारी आहे.

मुदत आणि आशा

तौबेला मुदत आहे. मृत्यू समोर दिसू लागल्यावर 'आता मी वळतो' असे म्हणणाऱ्याची तौबा स्वीकारली जात नाही, असे चौथ्या अध्यायात सांगितले आहे. समुद्रात बुडताना श्रद्धा जाहीर करणाऱ्या फारोलाही 'आता?' असा प्रश्न ऐकावा लागतो. उजवीकडच्या चोराला शेवटच्या घटकेस नंदनवन देणाऱ्या शुभवर्तमानाच्या वाचकाला हे कठोर वाटेल. पण ती मुदत सरेपर्यंत निराश होण्याची मात्र कोणालाही मुभा नाही. परमेश्वराच्या दयेविषयी हताश होणे हेच मोठे पाप मानले आहे.

नव्याण्णव खून केलेल्या माणसाची कथा हदीसमध्ये येते. त्याने एका मठवासी तपस्व्याला विचारले की, मला तौबा करता येईल का? तपस्वी नाही म्हणाला, तेव्हा त्याने त्यालाही ठार करून शंभराचा आकडा पुरा केला. मग एका जाणत्याने त्याला सांगितले की, तुझ्या व तौबेच्या आड कोण येऊ शकतो? पण हे गाव सोड, भल्या माणसांच्या गावी जा. वाटेतच त्याला मरण आले. दयेचे व शिक्षेचे देवदूत भांडू लागले, तेव्हा अंतर मोजले गेले. तो भल्या माणसांच्या गावाला वीतभर जवळ निघाला आणि तरला.

दुसरी कथा वाळवंटात उंट हरवलेल्या माणसाची. अन्न, पाणी सारे त्या उंटावर. मरणाची वाट पाहत तो झोपी गेला, जागा झाला तर उंट समोर उभा. आनंदाच्या भरात त्याची जीभ घसरली आणि तू माझा दास, मी तुझा प्रभू, असे उलटेच तो बोलून गेला. आपला सेवक परत आल्यावर परमेश्वराला होणारा आनंद या माणसाच्या आनंदाहूनही मोठा असतो, असे पैगंबर सांगतात. हरवलेल्या मेंढराचा दाखला ज्याने लहानपणापासून ऐकला आहे, त्याला या कथेचे स्पष्टीकरण लागणार नाही.

शिया मुस्लिमांच्या मनात पश्चात्तापाचे नाव हुर्र असे आहे. इ. स. 680 मध्ये इमाम हुसेन यांची वाट अडवण्यासाठी हजार स्वारांसह पाठवलेला हा सरदार. तहानेने व्याकूळ झालेल्या त्याच्या स्वारांना व घोड्यांना हुसेन यांनी आपल्याजवळचे पाणी पाजले होते. करबलाच्या दहाव्या मोहरमच्या सकाळी तो घोडा हाकीत पलीकडे गेला, आपली तौबा स्वीकारली जाईल का, असे त्याने विचारले आणि त्याच दिवशी हुसेन यांच्या बाजूने लढताना मारला गेला. मुंबईपासून लखनौपर्यंत मोहरमच्या मजलिसींत त्याची कथा सांगितली जाते आणि ऐकणारे रडतात.

वर्षाचा फेरा

तौबा कधीही करता येते. पैगंबर स्वतः दिवसातून सत्तरहून अधिक वेळा क्षमा मागत, असे हदीस सांगते. तरीही काही दिवसांना विशेष महत्त्व आहे. शाबान महिन्याच्या पंधराव्या रात्री, शब-ए-बारातला, आपल्याकडील मुस्लिम बांधव जागरण करतात, कबरस्तानात जाऊन मृतांसाठी क्षमा मागतात. रमजानच्या शेवटच्या दहा रात्री क्षमायाचनेच्या. 2025 साली भारतात रमजान 2 मार्चला सुरू झाला आणि आपला राखेचा बुधवार 5 मार्चला आला. एकाच गल्लीत दोन्ही घरांत उपवास चालू होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी प्रसिद्ध केलेल्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात मुस्लिमांची प्रार्थना, दानधर्म व उपवास यांचा आदराने उल्लेख केला आहे. 1967 पासून रमजानच्या निमित्ताने व्हॅटिकनकडून त्यांना शुभेच्छासंदेशही जातो.

क्षमेचा सर्वांत मोठा दिवस म्हणजे हजमधील नववा जिलहज. त्या दिवशी लाखो यात्रेकरू मक्केबाहेरच्या अरफातच्या मैदानात दुपारपासून सूर्यास्तापर्यंत उभे राहून क्षमा मागतात. पण त्या मैदानाकडे जाण्याची तयारी गावातच सुरू होते. हजला निघण्यापूर्वी कर्ज फेडावे लागते, ठेवी परत कराव्या लागतात. त्यानंतर निघणारा माणूस नातेवाईक, मित्र आणि शेजारी यांच्या घरी जाऊन 'कहा-सुना माफ करना' असे म्हणतो. महाराष्ट्रातील मुस्लिम वस्त्यांत ही रीत आजही पाळली जाते. शेजारी मुस्लिमच असावा, अशी अट त्यात नाही. बांधावरून भांडण झालेला ख्रिस्ती शेजारी असला तर त्याच्याही दारात तो येतो.